नव्या ट्रॅक्टरची वॉरंटी सांभाळून केबिनमध्ये रेडिओ बसवता येतो का?

राम राम. तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: मोहोळ तालुक्यात पाडव्याला ५५ एचपीचा, कंपनीच्या एसी केबिनचा ट्रॅक्टर घेतला, मीटरवर ४० तास झाले. केबिनच्या छतात रेडिओची जागा सोडलेली आहे, पण रेडिओ नाही. शोरूमवाले म्हणतात, बाहेरचं काही जोडलं की वॉरंटी संपली. सोलापुरातला कारटेप बसवणारा म्हणतो, अर्ध्या तासात लावून देतो. खरं कोणाचं, आणि पहिल्या वर्षात ट्रॅक्टरची नेमकी काय काळजी घ्यायची?

दोघांचंही अर्धंच खरं आहे. रेडिओमुळे वॉरंटी जात नाही. तो बसवताना मूळ वायरिंग कापलं, तर जाते. उद्या इंजिनाचा सेन्सर बिघडला आणि बोनेट उघडल्यावर कंपनीच्या हार्नेसवर (मूळ वायरींच्या जुडग्यावर) कुणाची तरी टेप गुंडाळलेली दिसली, की इंजिनिअर पुढचं काही बघत नाही. नांगर आणि ऑइलच्या बाबतीतही हेच लागू आहे. बिघाड तुमच्या हातून झालेला नाही, हे कागदावरून आणि ट्रॅक्टरकडे पाहून दुसऱ्याला कळलं पाहिजे. खाली जे सांगतोय ते सगळं याच हिशेबाने वाचा.

आधी ज्या गोष्टी तुमच्या मॉडेलवर अवलंबून आहेत त्या सांगतो. वॉरंटीची मुदत वर्षांत आणि तासांत दिलेली असते. त्यातलं जे आधी पूर्ण होईल तिथे ती संपते. शेतीच्या कामाला एक मुदत आणि भाड्याच्या वाहतुकीला कमी मुदत, असंही ट्रॅक्टरसोबत मिळणाऱ्या काही पुस्तकांत लिहिलेलं असतं. आपल्याकडे हंगामात ट्रॅक्टर कारखान्याच्या ऊस वाहतुकीला लागतोच, म्हणून ते पान आजच शोधून वाचा. ऑइलचा ग्रेड, सर्व्हिसचे तास, टायरची हवा हेसुद्धा पुस्तकाप्रमाणेच. मी देतोय ते आकडे साधारण या ताकदीच्या ट्रॅक्टरचे आहेत. तुमच्या पुस्तकात वेगळं असेल तर पुस्तक खरं मानायचं.

कागद

ट्रॅक्टर हातात आला म्हणजे वॉरंटी सुरू झाली, असं धरून चालू नका. तुमच्या नावावर चेसिस आणि इंजिन नंबरासह तिची नोंद झाली आहे का, ते शोरूममध्ये विचारून त्याची प्रिंट घ्या. बॅटरी आणि टायर यांची वॉरंटी बहुतेक वेळा त्या-त्या बनवणाऱ्या कंपनीची असते. त्यांची कार्डं वेगळी मागून घ्या, त्यांवर सीरियल नंबर आणि विक्रीची तारीख आहे का बघा. तारीख नसलेलं कार्ड कामाला येत नाही.

प्रत्येक सर्व्हिसच्या वेळी जॉबकार्डावर मीटरचे तास लिहून घ्या आणि त्या मीटरचा फोटो काढून ठेवा. साधारण पहिली सर्व्हिस ५० तासांना असते, पुढची २५० च्या आसपास. तुमचे ४० झालेत, म्हणजे आजच फोन करून दिवस ठरवा. नांगरटीच्या दिवसांत दहा तास एका दिवसात जातात, आणि सर्व्हिसला उशीर झाला तर क्लेम नाकारायला कंपनीला ते एक कारण पुरतं. वॉरंटीच्या काळात ऑइल आणि फिल्टर कंपनीचेच घ्यावेत, असं माझं स्पष्ट मत आहे. बाहेर त्याच ग्रेडचं ऑइल मिळतं आणि ते चांगलंही असतं. पण इंजिन उघडायची वेळ आली तर ते सिद्ध करत बसायचं काम तुमच्यावर येतं. फिल्टर, क्लचची लायनिंग, बेल्ट, रबरी पाइप या झिजणाऱ्या वस्तू बहुधा वॉरंटीत नसतात, त्यावरून वाद घालण्यात वेळ घालवू नका.

पहिले तास आणि काळी जमीन

आपल्याकडे पाडव्याला ट्रॅक्टर आणायचा आणि दुसऱ्या दिवशी पलटी नांगराला जुंपायचा, ही रीतच पडली आहे. नव्या इंजिनावर यासारखा ताण दुसरा नाही. भेगा पडलेल्या काळ्या रानात खोल नांगरट म्हणजे इंजिनावर सलग पूर्ण लोड, तोही चाळीस अंशांच्या वरच्या उन्हात. पिस्टनच्या रिंगा लायनरला (सिलिंडरच्या आतल्या नळीला) नीट बसायला मध्यम आणि बदलता लोड लागतो. मोगडणी, हलका रोटर, एक ट्रॉली, अशी कामं पहिल्या ५० तासांत करा. नांगर लावायचाच असेल तर खोली कमी ठेवा आणि मधे मधे हलकं काम द्या. दोन ट्रॉल्या भरून ऊस ओढणं या काळात अजिबात नको.

याच्या उलट चूकही तितकीच वाईट. नवा आहे म्हणून जपायचा आणि बांधावर तासन् तास रेसशिवाय चालू ठेवायचा, यात रिंगा बसत नाहीत, लायनरवर काचेसारखी चकाकी येते आणि इंजिन पुढे ऑइल खायला लागतं. केबिन आणि एसी असलेल्यांनी हे जास्त लक्षात ठेवावं. दुपारी बांधावर एसी आणि रेडिओ लावून अर्धा-अर्धा तास इंजिन रेसशिवाय ठेवायचं नाही. ५० एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरला जानेवारी २०२३ पासून धुराचे नवे नियम लागू झाले. त्यातल्या ज्या मॉडेलच्या सायलेन्सरमध्ये काजळी पकडणारा फिल्टर आहे, तो अशा चालवण्याने लवकर भरतो. तसा फिल्टर असेल तर इंजिन ऑइलही कमी राखेचं, सीजे-४ किंवा सीके-४ प्रतीचं लागतं. डब्यावर १५डब्ल्यू-४० दिसलं म्हणून कुठलंही ओतू नका.

चाकांचे बोल्ट पहिल्या दोन-तीन तासांनी, मग १० तासांनी आणि ५० च्या सर्व्हिसला टॉर्क पान्याने आवळायचे असतात. नव्या रिमचा रंग दबतो आणि बोल्ट सैल पडतात. सैल बोल्टाने रिमची भोकं अंडाकार झाली की तो दोष चालवणाऱ्याचा धरला जातो.

धूळ, पाणी, डिझेल

ज्या बिघाडांवर हमखास "निष्काळजीपणा" असा शेरा पडतो त्यात धूळ पहिली. एअर क्लीनरमधून धूळ आत गेली की रिंगा आणि लायनर काही शे तासांतच झिजतात, आणि इंजिन उघडल्यावर ती झीज स्पष्ट ओळखू येते. कोरड्या एअर क्लीनरच्या खाली रबरी झडप असते, ती रोज सकाळी बोटांनी दाबून धूळ सोडा. बाहेरचा मोठा फिल्टर चाकावर आपटून झटकायचा नाही. त्याच्या घड्या फुटतात आणि ते डोळ्यांना दिसतही नाही. हवा मारायची तर आतून बाहेर, दोन किलोच्या आत दाब ठेवून. आतला छोटा फिल्टर साफ करायचा नसतो, तो ठरलेल्या तासांना बदलायचा. आणि मीटरवर दिवा लागलेला नसताना उगाच फिल्टर काढून बघू नका. तो जितक्या वेळा काढाल तितकी धूळ आत जाते.

रेडिएटरच्या जाळीत ज्वारीचा भुसा आणि उसाच्या पाचटाची कुसं अडकतात. इंजिन थंड झाल्यावर पंख्याच्या बाजूने पुढच्या बाजूला हवा मारा. केबिनच्या एसीचा कंडेन्सर (उष्णता बाहेर टाकणारी जाळी) छतावर असेल तर तिथेही वर चढून बघा. एसी थंड करत नाही म्हणून गॅस भरून घेणाऱ्यांत अनेकांचा कंडेन्सर नुसता भुशाने भरलेला असतो. रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी घालायचं नाही. आपलं बोअरचं पाणी जड, त्याचा थर आत बसतो आणि इंजिन तापतं. कूलंट कमी झालं तर तेच कूलंट, डिस्टिल्ड वॉटरमध्ये पुस्तकातल्या प्रमाणात मिसळून घाला.

तुमचं इंजिन कॉमन रेलचं असावं. त्यात डिझेलचा दाब हजार बारच्या वर जातो आणि इंजेक्टरमधली फट केसाहून बारीक असते. शेडमधल्या गंजक्या बॅरलमधलं डिझेल यात चालत नाही. पाणी वेगळं करणाऱ्या फिल्टरचा नळ रोज सकाळी सोडा, टाकी संध्याकाळी भरून ठेवा, पंपाची पावती जपा. जुन्या सवयीने हवा काढायला इंजेक्टरचा पाइप चालू इंजिनवर सैल करू नका. तो फवारा कातडीतून आत शिरतो, हात जाऊ शकतो.

गिअर आणि हायड्रोलिकचं ऑइल एकच असतं आणि तेलातले ब्रेकही त्यातच बुडालेले असतात. त्यात साधं ९० नंबरचं ऑइल मिसळलं की ब्रेक लावताना कर्कश आवाज येतो आणि डिस्क झिजतात. वर घालायचं झालं तरी तेच ऑइल.

ग्रीस साधारण दर १० तासांनी, चिखलात काम झालं तर त्याच दिवशी. धुताना प्रेशरचा फवारा अल्टरनेटर, सेल्फ, वायरिंगचे सॉकेट आणि इंजिनाच्या ईसीयूवर (इंजिन चालवणाऱ्या संगणकाच्या पेटीवर) मारू नका.

दोन गोष्टी अजिबात नकोत

एक, पंप वाढवून घेणं. वाहतुकीला ताकद मिळावी म्हणून सील तोडून डिझेल वाढवणारे आणि आता संगणक लावून ईसीयू बदलणारे, दोन्ही भेटतात. त्यानंतर इंजिनाची वॉरंटी मागायला जाऊच नका.

दोन, वेल्डिंग. हुक, जोडपट्टी, डब्याचा स्टँड, काहीही ट्रॅक्टरला जागेवर वेल्ड करायचं नाही. वेल्डिंगचा करंट ईसीयूतून वाट काढतो. अगदीच पर्याय नसेल तर बॅटरीच्या दोन्ही केबल आणि ईसीयूचा सॉकेट काढूनच, आणि वेल्डिंगची अर्थ कामाच्या अगदी जवळ लावून. केबिनच्या खांबांना मात्र भोकही नको आणि वेल्डही नको. ट्रॅक्टर उलटला तर तेच खांब तुमचा जीव वाचवतात, एका भोकानेही त्यांची ताकद कमी होते.

आता रेडिओ

पहिला पर्याय म्हणजे कंपनीचा रेडिओ. तुमच्या केबिनमध्ये जागा सोडलेली आहे, तर त्यामागे कंपनीने वायरचा सॉकेटही सोडलेला असू शकतो. छताचं झाकण काढून बघा. सॉकेट असेल तर शोरूमकडून कंपनीच्या ॲक्सेसरीच्या यादीतला रेडिओ मागवा. थोडा महाग पडतो, पण वादच उरत नाही.

सॉकेट नसेल किंवा कंपनीचा रेडिओ मिळत नसेल, तर बाहेरचा लावा, पण शोरूमच्या इलेक्ट्रिशियनकडून. तो नाहीच म्हणाला, तर तुमच्या कारटेपवाल्याला खालच्या अटी सांगा आणि काम संपेपर्यंत शेजारी उभे राहा.

रेडिओ १२ व्होल्टचा, एक डिन मापाचा, म्हणजे साधारण १८ सेंटिमीटर रुंद आणि ५ सेंटिमीटर उंच खाचेत बसणारा घ्या. सीडीचा नको, धुळीत टिकत नाही. त्याची मुख्य वायर, म्हणजे पिवळी, थेट बॅटरीच्या प्लसवरून स्वतंत्र आणायची. तांब्याची २.५ चौरस मिलिमीटरची वायर घ्या. बॅटरीपासून १५-२० सेंटिमीटरच्या आत फ्यूज, रेडिओच्या पाठीवर असतो तेवढ्याच अँपिअरचा, बहुधा १० चा. फ्यूज रेडिओजवळ लावला तर मधल्या चार-पाच मीटर वायरला फ्यूजचं संरक्षण राहत नाही. ती कुठे घासून लोखंडाला लागली तर केबिनला आग लागते.

लाल वायर चावीवर चालू-बंद होण्यासाठी असते, आणि मूळ वायरिंग कापायचा मोह नेमका इथेच होतो. केबिनमध्ये मोबाइल चार्जिंगचा १२ व्होल्टचा सॉकेट चावीवर चालत असेल तर त्यात प्लग घालून लाल वायरला सप्लाय द्या. काहीच कापावं लागत नाही, काढायचा झाला तर प्लग उपसला की झालं. ते नको असेल तर फ्यूज पेटीत ॲक्सेसरीच्या जागेवर फ्यूज टॅप (फ्यूजच्या खाचेतून जादा वायर काढायची जोडणी) लावता येतो. ईसीयू, मीटर किंवा सेन्सरच्या फ्यूजवर मात्र टॅप लावायचा नाही. टेस्टरची सुई वायरच्या कातडीत टोचून सप्लाय शोधणाऱ्याला तिथेच थांबवा. त्या भोकातून पाणी जातं आणि सहा महिन्यांनी वायर आतून हिरवी पडून तुटते.

काळी वायर, म्हणजे अर्थ, बॅटरीच्या मायनस खांबावर लावू नका. बॅटरीची जाड मायनस केबल चेसिसला जिथे बोल्टने जोडलेली असते, तिथे किंवा केबिनच्या मूळ अर्थच्या बोल्टवर थिंबल (वायरच्या टोकाचं धातूचं कडं) दाबून जोडा. कारण असं, की ती जाड केबल कधी सैल झाली तर सेल्फचा सगळा करंट रेडिओच्या बारीक अर्थमधून बॅटरीकडे परततो आणि वायर जळते. रंग खरवडा, दातेरी वॉशर घाला, वर पेट्रोलियम जेली लावा.

काम सुरू करण्याआधी चावी बंद करून दोन-तीन मिनिटं थांबा आणि बॅटरीचा मायनस आधी काढा. प्लस आधी काढताना पाना बॉडीला लागला तर ठिणगी उडते. जोडताना उलट क्रम, मायनस शेवटी. वायर नळीदार स्लीव्हमध्ये, मूळच्या रबरी बुशमधूनच केबिनमध्ये न्यायची आणि दर २०-२५ सेंटिमीटरला टाय मारायचा. सायलेन्सर, क्लच-ब्रेकच्या दांड्या आणि पीटीओपासून (अवजारं फिरवणाऱ्या मागच्या दांड्यापासून) लांब. शेडमध्ये कडब्याची गंज असेल तर उंदीर नव्या वायरच आधी खातात, म्हणून स्लीव्ह टाळू नका.

स्पीकर आणि अँटेना

स्पीकर ४ ओहमचे दोन पुरे. प्रत्येक स्पीकरच्या दोन्ही वायर थेट रेडिओपर्यंत न्यायच्या. जुन्या टेपला स्पीकरची मायनस बॉडीला लावलेली चालायची. आजच्या रेडिओत ती बॉडीला लागली की आतला ॲम्प्लिफायर जळतो. छतात स्पीकर बसवताना मागे एसीची नळी किंवा पाण्याची निचऱ्याची नळी नाही ना, हे खोली मोजून बघा.

अँटेनाची दांडी साधारण ७५ सेंटिमीटरची. एफएमच्या लहरीचा पाव भाग तेवढाच येतो. केबिनचं छत फायबरचं असेल तर नुसत्या फायबरवर लावलेली अँटेना नीट पकडत नाही, तिच्या तळाला धातूची अर्थ लागते. मूळच्या बोल्टवर पट्टी बसवून तिथे लावा. बाभळीखाली आणि उसाच्या सरीत ताठ दांडी मोडते, रबरी लवचीक घ्या. ज्या अँटेनाला स्वतःचा सप्लाय लागतो तिला रेडिओची निळी वायर जोडायची. ती राहिली की स्टेशनं खरखरतात आणि लोक रेडिओ बदलून आणतात. मोहोळला आकाशवाणी सोलापूरचं १०३.४ स्पष्ट ऐकू आलं पाहिजे. करमाळा किंवा माळशिरसच्या टोकाला असाल तर एवढी अपेक्षा ठेवू नका, अंतरच फार आहे.

इंजिन चालू केल्यावर रेसबरोबर चढणारी शिट्टी ऐकू आली तर ती अल्टरनेटरची. आधी अर्थ पुन्हा घासून आवळा, मग पिवळ्या वायरवर १० अँपिअरचा नॉइज फिल्टर लावा. रेसशी संबंध नसलेली खरखर असेल तर एलईडी दिवे, मोबाइलचा चार्जर, एसीचा पंखा एकेक बंद करून बघा. स्वस्त यूएसबी चार्जर हा त्यातला नेहमीचा गुन्हेगार.

बॅटरी उतरेल ही भीती रेडिओपुरती फार नाही. मध्यम आवाजात तो एक-दीड अँपिअर खातो. दोन जादा ५५ वॅटचे हॅलोजन नऊ अँपिअर खातात, अल्टरनेटरवर ताण त्यांचा येतो. बंद रेडिओ घड्याळ आणि स्टेशनं लक्षात ठेवायला साधारण १० मिलिअँपिअर घेतो, म्हणजे महिन्याला सात अँपिअर-तास. पावसाळ्यात ट्रॅक्टर दोन महिने उभा राहणार असेल तर रेडिओचा फ्यूज काढून ठेवा.

जोडणी झाल्यावर मल्टिमीटरने बॅटरी तपासा: इंजिन बंद असताना १२.६ च्या आसपास, चालू असताना १३.८ ते १४.४ व्होल्ट. डॅशबोर्डवर नवा कुठला दिवा लागलेला नाही ना, हेही बघा. आवाज एवढाच ठेवा की मागच्याचा हॉर्न आणि इंजिनाचा बदललेला सूर केबिनमध्ये कळेल.

५० तासांच्या सर्व्हिसला जाल तेव्हा रेडिओ लपवू नका. जॉबकार्डावर लिहून घ्या: "रेडिओ बॅटरीवरून वेगळ्या १० अँपिअर फ्यूजवर, मूळ वायरिंग न कापता बसवलेला, तपासला." खाली शोरूमचा शिक्का आणि तारीख. पुढे वायरिंगशी संबंध नसलेला बिघाड झाला आणि कुणी रेडिओकडे बोट दाखवलं, तर हे कार्ड पुढे करा आणि नाकारण्याचं कारण लेखी मागा. तोवर गावातल्या मिस्त्रीला काही उघडू देऊ नका. मीटरचा आणि बिघाडाचा फोटो, तक्रार नंबर आणि काढलेला पार्ट जपून ठेवा. लेखी उत्तर मिळत नसेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते, त्यानंतर सोलापुरातला जिल्हा ग्राहक आयोग आहे.

छताचं झाकण काढून आत सॉकेट आहे का, याचा फोटो इथे टाका. त्यावरून नेमका कुठला रेडिओ घ्यायचा आणि लाल वायर कुठून आणायची ते सांगतो.